अर्जेंटिनाची जुनी पोस्टकार्डं जमवायची तर

माझ्या संग्रहातलं पहिलं अर्जेंटिनी कार्ड अर्जेंटिनातून आलेलं नाही, ते आलं इटलीतून. चित्र ब्युनोस आयर्सच्या एका रेल्वे स्टेशनचं, मजकूर इटालियन, तारीख डिसेंबरातली. कुणा भावाने गावाकडच्या बहिणीला कळवलं होतं की तब्येत बरी आहे, काम मिळालंय आणि नाताळ तोंडावर आला तरी इथे घामाच्या धारा लागल्यात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबरात उन्हाळा असतो हे शाळेत शिकलो होतो, पण पटलं ते त्या कार्डामुळे.

पुढे या नादात जे काही शिकलो त्याचं मूळ या कार्डातच होतं. पोस्टकार्ड जिथलं असतं तिथे राहत नाही, ज्याच्या पत्त्यावर गेलं त्याच्या घरी राहतं. 1914च्या जनगणनेत अर्जेंटिनातले जवळपास 30 टक्के लोक परदेशात जन्मलेले निघाले, आणि ब्युनोस आयर्स शहरात तर जवळपास निम्मे. ही माणसं कार्डं कुणाला पाठवणार? जिनोआ, नेपल्स, गॅलिसिया, बास्क प्रांत, दक्षिण फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड इथल्या आईबापांना. आज ती कार्डं तिथल्याच माळ्यांवरून निघतात. कुठे शोधायचं, कोणत्या भाषेत शोधायचं, किती पैसे मोजायचे, सगळं यावरून ठरतं.

आधी विषय लहान करा

“अर्जेंटिनाची कार्डं जमवतो” असं म्हणून सुरुवात केलीत, तर सहा महिन्यांत तुमच्याकडे दोनशे कार्डं असतील आणि संग्रह नसेल. आवेनिदा दे मायो हा रस्ता, पालेर्मोची बाग, मार देल प्लाताचा समुद्रकिनारा यांची कार्डं मुबलक छापली गेली, ती अजूनही स्वस्तात मिळतात आणि हां हां म्हणता साठतात. नंतर त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

म्हणून एक धागा धरावा. मी रेल्वे धरली, आणि त्याला कारण आहे. अर्जेंटिनातल्या मोठ्या ब्रिटिश रेल्वे कंपन्यांचे रूळ 1676 मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपला साडेपाच फुटी ब्रॉडगेजच. ब्युनोस आयर्सच्या रेतिरो स्टेशनचं 1915 साली खुलं झालेलं मोठं छत पाहताना बोरीबंदर आठवल्याशिवाय राहत नाही. याच स्टेशनातून तिग्रेकडे जाणाऱ्या लोकल मार्गावर 1916 साली विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबईत पहिली विजेची लोकल कुर्ल्यापर्यंत गेली ती 1925 साली. मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं निमित्त पुरेसं होतं.

तुम्ही दुसरं काहीही धरा. अँडीज ओलांडून चिलीत जाणारी, 1910 साली सुरू झालेली मीटरगेज रेल्वे आणि तिच्या वाटेवरचा पुएन्ते देल इन्का हा नैसर्गिक दगडी पूल, एवढा एकच विषय घेतला तरी आयुष्य पुरणार नाही. रवींद्रनाथ ठाकूर नोव्हेंबर 1924मध्ये ब्युनोस आयर्सला पोचले ते आजारी पडूनच. पेरूला जायचं राहून गेलं आणि लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांची सोय सान इसिद्रो या नदीकाठच्या उपनगरात केली. जानेवारी 1925मध्ये ते परतले. त्या दशकातली सान इसिद्रोची कार्डं एवढाच विषय धरला तर खर्च बेताचा राहतो आणि दाखवायला गोष्ट मिळते. गंमत म्हणजे सान इसिद्रोही त्याच रेतिरो–तिग्रे मार्गावर आहे, त्यामुळे ती कार्डं माझ्याही यादीत आहेत.

हत्यारं

दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी किंवा सराफ वापरतात ते), नोटा तपासायचा छोटा अतिनील टॉर्च, मिलिमीटरची पट्टी आणि मऊ शिसपेन्सिल. एवढंच.

पाठ आधी वाचा

नवखा माणूस चित्र पाहतो, मुरलेला कार्ड उलटं करतो. काळ ठरवायची पहिली खूण पाठीवर असते.

सुरुवातीच्या कार्डांची सगळी पाठ पत्त्यासाठी राखीव असे. “या बाजूस फक्त पत्ता लिहावा” अशा अर्थाची स्पॅनिश ओळ बऱ्याच कार्डांवर छापलेली दिसते. मग निरोप लिहायचा कुठे? चित्राच्याच कडेला, आकाशात, कधी थेट इमारतीच्या भिंतीवर. चित्रावर शाई आहे म्हणून असं कार्ड बाजूला सारू नका, त्या काळची तीच रीत होती. पुढे पाठीवर मधोमध उभी रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. ब्रिटनने ही सवलत 1902 साली दिली. जागतिक टपाल संघाने 1906च्या रोम अधिवेशनात ती मान्य केली आणि 1907च्या ऑक्टोबरपासून ती देशोदेशी लागू झाली. अर्जेंटिनातली कार्डंही साधारण याच सुमारास बदलली. मात्र प्रकाशकाकडे जुना साठा पडून असे आणि तो संपेपर्यंत विकला जाई. म्हणून बिनरेघी पाठीवर 1909चा शिक्का दिसला तर दचकू नका, पण 1899च्या शिक्क्याखाली रेघ दिसली तर जरूर दचका.

दुसरी खूण तिकिटाची. बसलेल्या स्वातंत्र्यदेवतेची मालिका 1899ची, जनरल सान मार्तिनच्या चेहऱ्याची 1908ची, 1810च्या क्रांतीच्या शताब्दीची 1910ची आणि शेत नांगरणाऱ्या शेतकऱ्याची 1911ची. या चार मालिका डोळ्यांत बसल्या की शिक्का पुसट असला तरी वर्षांचा अदमास येतो. तिकीट चित्राच्या बाजूला चिकटवलेलं असेल तर समजावं की ते कार्ड बहुधा एका संग्राहकाने दुसऱ्याला पाठवलंय. कार्डांची अदलाबदल करणाऱ्या हौशी मंडळींची तेव्हा ही फॅशनच होती. ओळख ना देख, कार्डावर फक्त सही आणि तारीख!

रेल्वेवाल्यांसाठी एक खास गोष्ट. शिक्क्यावर “एस्ताफेता आम्बुलान्ते” हे शब्द दिसले तर ते कार्ड धावत्या गाडीतल्या टपालडब्यात शिक्का बसलेलं आहे, आपल्या आरएमएससारखं (रेल्वे मेल सर्व्हिस). चित्र अगदी सामान्य असलं तरी मी असं कार्ड सोडत नाही.

छपाई ओळखा

भिंगाखाली आकाशाचा तुकडा धरा. ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. वेड्यावाकड्या बारीक सुरकुत्यांचं जाळं दिसलं तर कोलोटाइप; चांगली कोलोटाइप कार्डं इतकी मुलायम असतात की भिंग लावेपर्यंत फोटोच वाटतात. काहीच दिसलं नाही, काळ्यातून करडा आणि करड्यातून पांढरा असा सलग उतार दिसला, तर तो खरा फोटो, म्हणजे फोटोच्या कागदावर एकेक काढलेली प्रत. अशा कार्डाच्या गडद भागात, कडेला, तिरकं धरल्यावर चंदेरी झाक दिसते. ती खराबी वाटते, पण ती जुन्या चांदीयुक्त कागदाची साक्ष आहे. पुसायला जाऊ नका.

संग्राहक खऱ्या फोटोची कार्डं जास्त मोलाची मानतात, कारण ती थोड्या संख्येने निघत. पाम्पा या गवताळ मैदानातल्या एखाद्या आडगावच्या स्टेशनावर धान्याच्या पोत्यांची थप्पी लागली आहे आणि स्टेशनमास्तर शेजारी छाती फुगवून उभा आहे, असं दृश्य मोठा प्रकाशक कशाला छापेल? ते गावातला फोटोवालाच काढणार, आणि प्रती काढणार मोजक्या.

नकलांची फार भीती बाळगू नका. या व्यवहारात फसवणुकीपेक्षा घोटाळे जास्त. जुन्या दृश्यांची नवी छापील पुनर्मुद्रणं पर्यटकांसाठी निघतात आणि कालांतराने तीच “जुनी” म्हणून विकायला येतात. जुनं कार्ड साधारण 9 बाय 14 सेंटिमीटरचं, नवं बहुधा 10 बाय 15चं. अंधारात अतिनील टॉर्च मारला आणि कागद निळसर पांढरा लखलखला, तर त्यात कागद उजळवणारं रसायन आहे. ते कागदात दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आलं, म्हणजे ते कार्ड 1905चं असू शकत नाही.

आता चित्राकडे

या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग हाच. तारीख नसलेलं, न लिहिलेलं, न पाठवलेलं कार्ड हातात घ्यायचं आणि शहरालाच साक्षीला बोलवायचं.

प्लासा दे मायो या मुख्य चौकापासून सुरुवात करू. चौकातला पांढरा स्तंभ, पिरामिदे दे मायो, 1912 साली उचलून मधोमध आणून ठेवला. तो आधीच्या जागी दिसला तर चित्र त्यापूर्वीचं. चौकाच्या टोकाला काबिल्दो, म्हणजे जुना नगरमंडळवाडा. त्याच्या कमानी मोजा. मुळात अकरा होत्या. आवेनिदा दे मायो काढताना 1889 साली एका बाजूच्या तीन गेल्या, राहिल्या आठ. 1931 साली दुसरा तिरका रस्ता काढताना दुसऱ्या बाजूच्या तीन गेल्या, राहिल्या पाच. 1940 साली पाच कमानींनिशीच त्याला जुन्या वळणाचं रूप दिलं. आठ कमानी म्हणजे 1889 ते 1931, इतकं सोपं. रुंद रस्त्याच्या मधोमध ओबेलिस्को हा उंच टोकदार स्तंभ उभा असेल तर चित्र 1936 नंतरचं. रेतिरोसमोर विटांचा घड्याळमनोरा दिसला तर 1916 किंवा नंतरचं. आवेनिदा दे मायोवर भुयारी रेल्वेचे जिने दिसले तर 1913च्या शेवटानंतरचं.

आणि एक खूण तर आपल्या माणसाच्या नजरेतून सुटूच शकते: गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालल्यात? 10 जून 1945पर्यंत अर्जेंटिनात वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालत. डावीकडून जाणाऱ्या मोटारी आपल्याला इतक्या ओळखीच्या की त्यात काही विशेष आहे हे ध्यानातच येत नाही. युरोपातल्या विक्रेत्याला मात्र ते खटकतं, आणि “चित्र उलटं छापलंय” असा शेरा मारून तो कार्ड स्वस्तात काढतो. अशी दोन कार्डं मी घेतली आहेत. दुकानांच्या पाट्या सरळ वाचता येत होत्या, यावरूनच चित्र उलटं नाही हे कळत होतं.

रेल्वेच्या कार्डांवर कंपनीचं नाव पाहा. 1948 साली रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि जुन्या कंपन्यांच्या मार्गांना राष्ट्रपुरुषांची नावं मिळाली. फेर्रोकार्रिल सुद झाली रोका, सेंत्रल आर्खेंतिनो झाली मित्रे, पासिफिको झाली सान मार्तिन आणि ओएस्ते झाली सार्मिएन्तो. पाटीवर किंवा ओळमजकुरात जुनं नाव असेल तर दृश्य त्याआधीचं धरायला हरकत नाही.

प्रकाशकांची नावं

अर्जेंटिनात चित्र पोस्टकार्डांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. त्यात खाकोबो पेउसर हे छापखान्याचं नाव आघाडीवर. त्यांच्या बऱ्याच सुरुवातीच्या चित्रांमागे 1889 साली स्थापन झालेल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचं काम आहे. दुसरं नाव रोबेर्तो रोसाउएर. हे मूळचे टपालतिकिटांचे व्यापारी, म्हणून त्यांची कार्डं क्रमांक घातलेली आणि शिस्तीतली. रोसाउएरच्या कित्येक कार्डांचे फोटो हॅरी ग्रँट ओल्ड्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे. ओहायोचा हा माणूस आधी चिलीतल्या वाल्पाराइसोला आला, 1900 साली ब्युनोस आयर्सला पोचला आणि 1943मध्ये वारला तो तिथेच. दूधवाला, झाडूवाला, कोंबड्या विकणारा, अशी रस्त्यावरची माणसं त्याने टिपली. पुढच्या दशकांतल्या खऱ्या फोटोंच्या कार्डांवर बुर्कीन आणि कोहलमान ही नावं वारंवार दिसतील. क्रमांकांची यादी आपली आपण करत जा. तारीख असलेल्या दोन कार्डांच्या मधला क्रमांक हाती आला की त्याचाही काळ अंदाजता येतो.

रोसाउएरनेच 1904 साली एक मालिका काढली. इटालियन चित्रकार-प्रवासी ग्विदो बोज्जानी याने चाको प्रदेशातल्या आदिवासींचे काढलेले फोटो त्याच्या मृत्यूनंतर मानववंशशास्त्रज्ञ रोबेर्त लेमान-नीत्चे यांनी संकलित केले आणि ते कार्डांवर आले. संग्राहकांत या मालिकेला मोठा मान आहे. मी स्वतः ती घेत नाही. ज्यांची नावं कुणी विचारली नाहीत अशा माणसांना “नमुना” म्हणून उभं केलेले हे फोटो अल्बमात लावून पाहुण्यांना दाखवणं मला जमत नाही. तुम्ही घेतलीत तर निदान नोंद नीट करा: कोण, कुठला समाज, कुणी काढला, कुणी विकला.

कुठे शोधायचं

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अर्जेंटिना सापडायची आशा धरू नका. तिथे जुनी भारतीय कार्डं मिळतील. कधी ब्युनोस आयर्सला गेलात तर रविवार हाताशी ठेवा. सान तेल्मोतल्या प्लासा दोरेगोची जुन्या वस्तूंची जत्रा 1970पासून भरते आणि काबायितो भागातल्या पार्के रिवादावियात तिकिटं-नाणीवाले जमतात. सान तेल्मोत भाव पर्यटकांचे, पार्के रिवादावियात संग्राहकांचे. मी असतो तर दुसरीकडे आधी गेलो असतो.

घरबसल्या शोधायचं तर डेलकाम्प हे बेल्जियमचं संकेतस्थळ आणि ईबे. मेर्कादो लिब्रे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर अर्जेंटिनी विक्रेते खूप, पण ते बहुतेक देशातल्या देशात पाठवतात. भाव पाहायला, चित्रं ओळखायला मात्र ते उत्तम. शोधताना फक्त इंग्रजी शब्द टाकलेत तर उरलंसुरलं पदरात पडेल. पोस्टकार्डाला इटालियनमध्ये “कार्तोलिना”, फ्रेंचमध्ये “कार्त पोस्ताल”, जर्मनमध्ये “आन्सिख्ट्सकार्टं” आणि स्पॅनिशमध्ये “तारखेता पोस्ताल”. शेवटच्या शब्दात कानाला ख ऐकू येतो, पण रोमन लिपीत तिथे जे हे अक्षर टाकायचं. शहराचं नाव जुन्या पद्धतीनेही शोधा: ब्युनोस आयर्समधल्या आय ऐवजी वाय टाका. त्या स्पेलिंगने नोंदवलेली कार्डं कित्येकांच्या नजरेतून निसटतात.

गावांच्या नावांचा गोंधळ दोन्हीकडून होतो. कोर्दोबा स्पेनमध्येही आहे, सांता फे अमेरिकेतही. मी एकदा घाईघाईत कोर्दोबाच्या तीन कार्डांचा गठ्ठा घेतला आणि घरी येऊन पाहतो तो तिन्हींवर स्पेनमधल्या मशिदीच्या कमानी! चूक माझीच, चित्रं समोर होती. पण याच गोंधळामुळे स्पेनच्या ढिगात अर्जेंटिनाचं कोर्दोबाही पडलेलं सापडतं, आणि तेव्हा भरपाई होते.

विक्रेत्याकडून दोन गोष्टी आवर्जून मागा. एक, पाठीचा स्पष्ट फोटो. दुसरी, पाच-सहा कार्डं साठेपर्यंत थांबून एकत्र पाठवण्याची सोय, कारण एकेकट्या कार्डाचा टपालखर्च बऱ्याचदा कार्डापेक्षा जास्त होतो. कार्डं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवा आणि चिकटपट्टी कार्डाला लागू देऊ नका, हेही लिहून कळवा. हे सांगावं लागतं, मी अनुभवाने बोलतोय.

भावाचं म्हणाल तर क्रम असा लक्षात ठेवा. राजधानीची प्रसिद्ध दृश्यं तळाशी, मग छोट्या शहरांची छापील कार्डं, मग माणसं आणि कामधंदा दाखवणारी, आणि सगळ्यांत वर लहान गावांचे आणि दूर दक्षिणेचे खरे फोटो. मुडपलेला कोपरा चालतो. चित्रात शिरलेली घडी, फाडून काढलेलं तिकीट आणि कापलेल्या कडा चालत नाहीत. दुर्मीळ स्टेशन असेल तर मी तेही चालवून घेतो, पण तो माझा हट्ट.

पावसाळ्याशी गाठ

युरोपातल्या माळ्यावर शंभर वर्षं सुखरूप राहिलेलं कार्ड आपल्याकडच्या एका जुलैत बिघडू शकतं. कोकण, मुंबई, गोवा इथल्या दमट हवेत बुरशीचे तपकिरी ठिपके लवकर येतात, आणि कसर तर डिंक लागलेल्या कागदाची शौकीनच.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे पाउच टाळा. ते पीव्हीसीचे असतात आणि काही वर्षांत कार्डाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे बिनवासाचे पाउच घ्या, आणि एका पाउचमध्ये एकच कार्ड. पाउच आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे लावा, खोका बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, मधल्या फळीवर. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवा. दिवाळीपर्यंत विसरलात तर त्या असून नसून सारख्या. डांबरगोळ्या नकोत. पाऊस उघडला की एका कोरड्या दुपारी सगळी कार्डं बाहेर काढून चाळायची, उन्हात नव्हे, पंख्याखाली. बुरशी दिसलेलं कार्ड त्याच क्षणी वेगळं करा. लॅमिनेशन करू नका, तिकीट सोडवू नका, शाईवर ओला कापूस लावू नका.

नवं कार्ड आलं की खोक्यात जाण्याआधी दोन्ही बाजूंचं 600 डीपीआयवर स्कॅन. मग वहीत नोंद: क्रमांक, प्रकाशक आणि त्याचा क्रमांक, छपाई, पाठीचा प्रकार, शिक्का, कुठून कुठे गेलं, माझ्या मते कोणत्या काळातलं आणि कशावरून. हे “कशावरून” लिहिलंच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी मी एका कार्डापुढे “1910 पूर्वीचं” एवढंच लिहून ठेवलं होतं. परवा ते पुन्हा भिंगाखाली धरलं, तर मागे धूसर दिसतोय तो विटांचा घड्याळमनोरा.